"लॉकडाऊनचे मूल आहे, बोलेल हळूहळू": थांबायचे की तपासायचे?

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील अनेक कुटुंबे वसई, भिवंडी, ठाणे भागांत वीटभट्टीवर किंवा बांधकामावर होती. काम आणि मजुरी एकदमच थांबली. पाड्यावरची अंगणवाडीही बंद होती. त्या काळात जन्मलेली मुले आता शाळेच्या वयाची आहेत. त्यांतले कोणी कमी बोलते, कोणाची वाढ कमी आहे, कोणी परक्या माणसाला घाबरते. "लॉकडाऊनचे मूल आहे" असे म्हणून घरचे वाट पाहतात. बऱ्याच मुलांच्या बाबतीत हे अंतर भरून निघते. मात्र काही मुलांमध्ये त्यामागे उपचार करता येण्यासारखे कारण असते. ते वेळेत ओळखणे महत्त्वाचे आहे.

साथीचा मुलांच्या वाढीवर परिणाम कसा होतो?

करोनाच्या संसर्गाने लहान मुले सहसा गंभीर आजारी पडली नाहीत. परिणाम झाला तो मुख्यतः भोवतालचे जग बदलल्यामुळे. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात साथीच्या काळात जन्मलेल्या बाळांची सहा महिन्यांच्या वयातील हालचाल आणि इतरांशी मिसळणे किंचित मागे आढळले. आईला गरोदरपणी करोना झाला असो वा नसो, हा फरक दिसला.

आपल्याकडे चार गोष्टी एकदम घडल्या:

- आहार: अंगणवाडीतील गरम ताज्या आहाराऐवजी कोरडा शिधा घरी आला. शिधा मुलाच्या नावाचा असला तरी चूल एकच असते, त्यामुळे तो सगळ्या घरात वाटला गेला.
- वजन आणि लसी: नियमित मोजमाप आणि लसीकरण विस्कळीत झाले. 2021 मध्ये जगभरात सुमारे अडीच कोटी मुलांचे लसींचे डोस चुकले. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली.
- बोलणे आणि खेळ: सवंगडी, गाणी, गोष्टी आणि घराबाहेरची माणसे कमी झाली.
- घरातील ताण: कर्ज, बेकारी, भांडणे, दारू यांमुळे आईवडिलांना मुलाशी निवांत बोलणे जमेना.

1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. अशा भागात वजन घेणे काही महिने थांबले तरी त्याची किंमत मोठी असते.

नुसता उशीर आहे की आजार?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नका:

- दीड वर्षाचे होऊनही मूल एकटे चालत नाही किंवा अर्थ असलेला एकही शब्द बोलत नाही.
- दोन वर्षांचे होऊनही "आई दे" असे दोन शब्द जोडत नाही.
- चार वर्षांचे झाले तरी त्याचे बोलणे घराबाहेरच्या माणसाला बहुतेक कळत नाही.
- नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोटाने काही दाखवत नाही.
- येत असलेले बोलणे किंवा चालणे कोणत्याही वयात बंद झाले.

बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी आधी करावी. कान वारंवार वाहत असेल तर ती टाळूच नये.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलणारे मूल शाळेत मराठी कानावर पडल्यावर काही काळ गप्प राहू शकते. ते घरी आपल्या बोलीत मोकळेपणाने बोलत असेल, तर सहसा हा आजार नसतो. मुलाशी आपल्याच बोलीत बोला. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही.

घरी काय कराल?

अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शिक्षण नेले. बिया, पाने, खडे, माती हीच त्यांची खेळणी होती. तुमच्या अंगणातही ती आहेत.

- भात निवडताना, पाणी भरताना मुलाला सोबत घ्या. काय करत आहात ते बोलत राहा आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्या.
- आजी-आजोबांना गोष्टी आणि गाणी सांगू द्या.
- दोन वर्षांखालील मुलाला मोबाईल देऊ नका. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक तासाहून जास्त देऊ नका.
- सहा महिन्यांनंतर स्तनपानासोबत घट्ट आहार सुरू करा. नागलीची घट्ट पेज, डाळ-भात, शेवग्याचा पाला, अंडे, त्यावर चमचाभर तेल द्या. मुलाचे ताट वेगळे ठेवा, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळेल.

आईची उदासी, रडू येणे, झोप न लागणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर तिलाही उपचारांची गरज आहे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कुठे दाखवाल?

आधी अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण असू शकते. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाडा ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठा. मूल सुस्त असेल, काहीच खात-पीत नसेल किंवा झटके येत असतील तर 108 ला फोन करा. बोलणे, ऐकणे, चालणे यांबद्दल शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणी करून घ्या. पुढील तपासणीसाठी हे पथक मोठ्या रुग्णालयात पाठवते.

दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जाणार असाल, तर निघण्यापूर्वी अंगणवाडीताईंना कळवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवा. लस चुकली असेल तर "आता वय गेले" असे स्वतःच ठरवू नका. कार्ड दाखवून विचारा. राहिलेल्या बऱ्याच लसी नंतरही देता येतात.