मगनवाडीचा हिशेब

संस्था काढणें आपल्याकडे कधींच अवघड नव्हतें. घटना छापली, अध्यक्ष निवडला, उद्घाटनाचें भाषण झालें, कीं संस्था उभी राहते. ज्या तत्त्वासाठीं ती निघाली तें तिच्या स्वतःच्या व्यवहारांत दिसतें कीं नाहीं, हा खरा प्रश्न. या दृष्टीनें वर्ध्याच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा इतिहास आम्हांस मननीय वाटतो.

१९३४ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनांत या संघाचा ठराव झाला व डिसेंबरांत वर्ध्यास त्याची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग त्यास दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचें नांव मगनवाडी पडलें. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू झाले, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बसू, चंद्रशेखर रामन यांचीं नांवें होतीं. परंतु कारभार पाहावयाचा तो मूठभर विश्वस्तांनीं.

कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस. लंडनमध्यें ती विद्या शिकून, पुढें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचें अध्ययन करून ते १९२९ सालीं परतले. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. तेव्हां खुद्द गांधीजींच्या परिवाराचा खर्चही त्या निधीवर टाकण्यास त्यांनीं नकार दिला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. निधि ज्याच्यासाठीं जमला त्याच्याच तो उपयोगीं पडावा, ही दृष्टि त्यांनीं मगनवाडींत आणली.

मात्र त्यांस केवळ जुन्याचे अभिमानी समजणें चुकीचें होईल. मगनवाडींत तेलाच्या घाणीची रचना सुधारण्यांत आली; रॉकेलऐवजीं अखाद्य वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप तयार झाला; हातकागद, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ यांवर प्रयोग झाले. हीं अवजारें व हा माल लोकांस पाहतां यावा म्हणून १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलें. सुधारणा हवी, पण तिनें कारागीर बेकार होऊं नये, ही त्यांतील अट होती.

या अटीमागचा विचार कुमारप्पांनीं ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या तुरुंगांत लिहिलेल्या व १९४५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मांडला. दगडी कोळसा, खनिज तेल हे सांठे. उपसले कीं सरले. वनें, वाहतें पाणी, सूर्याची उष्णता हे प्रवाह. जपून वापरले तर आटत नाहींत. सांठ्यावर उभारलेला संसार अखेर दुसऱ्याच्या सांठ्यावर डोळा ठेवतो व त्यांतून युद्धें होतात. आज सारें जग हवामानाच्या चिंतेनें हाच हिशेब नव्यानें मांडूं लागलें आहे.

मग संघाचें यश केवढें? येथें भाबडें होऊन चालणार नाहीं. हाताचा कागद गिरणीच्या कागदाहून महागच पडे, आणि ग्रामोद्योगांची स्तुति करणारा शहरवासी बाजारांत स्वस्त तेंच घेई. पुढें संघ सर्व सेवा संघांत विलीन झाला. १९५३ मध्यें सरकारी खादी व ग्रामोद्योग मंडळ आलें, १९५७ पासून आयोग. मगनवाडींत आज महात्मा गांधींच्या नांवाची ग्रामीण औद्योगिकीकरणाची सरकारी संस्था आहे. पैसा आला, कायदा आला, पगारी तज्ज्ञ आले. याचा लाभ नाकारण्याचें कारण नाहीं. मूठभर विश्वस्तांच्या बळावर देशभर काम पोंचतें ना.

परंतु अनुदान वेळेवर खर्च झालें कीं नाहीं, हें अशा व्यवस्थेंत अहवालावरून कळतें. घाणीवाल्याच्या घरीं चार पैसे अधिक गेले कीं नाहीं, हें त्याच्या दारीं जाऊन विचारावें लागतें. आपल्यापैकीं अनेकजण कोणत्या ना कोणत्या शाळेच्या, पेढीच्या, ग्रंथालयाच्या मंडळावर असतात. पुढच्या वार्षिक सभेंत जमाखर्च मंजूर करण्यापूर्वीं हा दुसरा प्रश्न एकानें तरी विचारावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.