खपली, बटाट्याची साल आणि केळीचे पान

चिटणीसबाईंनी माझ्याकडून उपवासाच्या पदार्थांवर लेख मागितला होता. भगिनींनी रागावू नये, मी जखमेवर लिहीत आहे.

आठ वर्षांपूर्वी माझा धाकटा वडाळे तलावाच्या काठी सायकलवरून पडला व गुडघा सोलवटला. मी कोरडी पट्टी बांधली. ती सोडताना चिकटली होती, तरी मी ओढलीच. पोर किंचाळले आणि नुकती आलेली कोवळी कातडीही पट्टीबरोबर निघाली. जखम वाळली म्हणजे बरी झाली, हेच मी माहेरी आणि सासरी ऐकत आले होते.

आमच्या आळीतील एका परिचारिका बाईंनी मला समजावले. नवी कातडी जखमेच्या कडेकडून सरकत येते. वर कोरडी खपली असली की तिला खपलीखालून खोल वाट काढावी लागते. ओलावा असला की ती सरळ सरकते. 1962 साली इंग्लंडात जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग केला. पातळ प्लॅस्टिकने झाकलेल्या जखमा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने भरल्या. पुढच्याच वर्षी माणसांतही तसेच आढळले.

पण मला खरे नवल वाटले ते मुंबईचे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून वापरल्या. 1985 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सालीमुळे जखम सुकत नसे. (आणि आपण त्या केरात टाकतो!) पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पट्टीवर चिकटवून ते वाफेने निर्जंतुक करीत. पान मेणचट असल्याने जखमेला चिकटत नाही, म्हणून सोडताना वेदना फार कमी. 2003 साली त्यांनी लिहिले की, गुण सालीइतकाच, पण पान अधिक स्वस्त व करावयास सोपे. झाडावरचे पान तोडून मात्र कोणी तसेच लावू नये.

आपले पनवेल 1872 पासून आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याचे गाव, म्हणून हेही सांगते : रुक्षपणामुळे न भरणाऱ्या व्रणावर पाने ठेवावीत, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे.

आता मी लहान जखम स्वच्छ पाण्याने धुते, व्हॅसलीन लावून झाकते. ओलावा धरणाऱ्या तयार पट्ट्याही औषधांच्या दुकानांत मिळतात. जखम खोल असली, पू झाला, गंजलेले काही लागले किंवा घरात मधुमेही असेल, तर सरळ डॉक्टरांकडे.

गेल्या महिन्यात विळीवर माझेच बोट कापले. "जरा वारा लागू दे की," असे सासूबाई तीनदा म्हणाल्या. मी पट्टी काढली नाही. पाचव्या दिवशी ती अलगद सुटली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून बोट पाहिले आणि धाकट्याला हाक मारून त्याच्या गुडघ्यावरचा जुना व्रणही पाहिला.