स्नान, पाणी आणि उदरावरील पिशवी : राजूरच्या संदर्भात एक टिपण

आतड्याचा एक भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून तेथूनच मलविसर्जनाची वाट करून देणे, या शस्त्रक्रियेस कोलोस्टोमी अथवा इलिओस्टोमी म्हणतात. तिचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु घरी परतलेल्या रुग्णापुढचा पहिला प्रश्न स्नानाचा असतो. त्या बाजूने पाहिल्यास हा इतिहास त्वचा, डिंक आणि पाणी यांचा ठरतो.

सुश्रुतसंहितेत छिद्रोदरावर पोट उघडून, आतड्याचे छिद्र मुंग्यांच्या दंशाने सांधून, आतडे पुन्हा आत ठेवण्याचा विधी आहे. तेथे वाट बाहेर ठेवण्याचा विचार नाही. तो प्रत्यक्षात आला युरोपात. 1793 साली फ्रान्समधील ब्रेस्त येथे द्युरे याने गुदद्वार नसलेल्या नवजात बालकावर कोलोस्टोमी केली व ते बालक प्रौढ वयापर्यंत जगले. प्राण वाचले, पण मल धरून ठेवण्याची सोय मात्र दीडशे वर्षे कापड, स्पंज आणि पट्ट्याने आवळलेली भांडी यांपलीकडे फारशी गेली नाही. स्राव कातडीवर पसरे, कातडी सोलवटून निघे आणि अंगावर पाणी घेणेही असह्य होई.

येथे इतिहासाचा धागा अनपेक्षितपणे भारतीय वनांशी जोडला जातो. 1950 च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रूपर्ट टर्नबुल यांनी करया डिंक त्वचारक्षणासाठी वापरात आणला. हा डिंक ज्या वृक्षाचा, तो आपल्या कोरड्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात निष्पर्ण, पांढऱ्या खोडाने उभा राहणारा कांडोळ होय. हा डिंक ओल शोषून फुगतो व कातडीला धरून राहतो. मात्र उष्णतेने व मूत्राने तो विरघळतो. 1954 साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन यांनी आपल्या बहिणीसाठी चिकटणारी, वापरून टाकून देण्याची पिशवी कल्पिली. 1970 च्या दशकात पेक्टिन, जिलेटिन इत्यादींच्या मिश्रणाच्या चकत्या आल्या आणि पिशवी अंगावर ठेवूनच स्नान करणे सुकर झाले.

तथापि साधन आणि सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाश्चात्त्य मार्गदर्शनात नळाचे कोमट पाणी व बंद स्नानगृह गृहीत धरलेले असते. अकोले तालुक्यातील राजूर हे गाव भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. 1926 साली पूर्ण झालेले ते धरण इतके जवळ असूनही परिसरातील वाड्यापाड्यांना चैत्र-वैशाखात पाणी दुरून आणावे लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या पट्ट्यात नुसती म्हण राहत नाही.

अशा ठिकाणी प्रचलित समजुती तपासून घ्याव्या लागतात. स्टोमामध्ये पाणी शिरून अपाय होतो, ही भीती निराधार आहे; पिशवी काढूनही स्नान करता येते. स्टोमाला वेदनेची जाणीव नसते. पुसताना किंचित रक्त दिसले तरी घाबरण्याचे कारण नाही. सकाळी खाण्यापूर्वी स्राव कमी असतो, म्हणून पिशवी बदलण्यास तीच वेळ योग्य. प्रथम पिशवी शौचालयात रिती करावी. मग चकती वरून खाली, कातडी दाबून धरीत, पाण्याने भिजवून सोडवावी. सखल पाटावर बसल्याने पोटाला घड्या पडतात. उंच बैठक बरी. एक बादली कोमट पाणी आणि तांब्या पुरेसा होतो. तेलकट साबण वर्ज्य, कारण त्यावर चकती धरत नाही. कातडी मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावी व नव्या चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत या कोरडेपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

ज्या समाजात स्नानावाचून देवपूजा नाही आणि स्वयंपाकघरातही प्रवेश संकोचाचा, तेथे या माहितीचे मोल निव्वळ आरोग्यापुरते नाही. स्नान करून कोरड्या अंगाने घरच्यांच्या पंगतीस बसता येणे, हीच शस्त्रक्रियेची खरी समाप्ती होय. त्या समाप्तीस लागणाऱ्या पदार्थांपैकी एक भारतीय रानांनी जगाला दिला. उरलेल्या दोन गोष्टी, दाराशी पाणी आणि आडोशाची न्हाणी, अजून घरोघर पोहोचावयाच्या आहेत.