हळदीच्या क्रीमची कुळकथा

केशव विष्णू पेंढरकर नागपुरात छोटंसं किराणा दुकान चालवत होते. तेवढ्यावर संसाराचं भागेना, तेव्हा त्यांनी मुंबईची वाट धरली. तिथे लहानसहान उद्योग करून पाहिल्यावर परळला बिऱ्हाड केलं आणि १९५२ साली त्याच राहत्या जागेत आयुर्वेदिक दंतमंजन बनवायला घेतलं. ते घरोघर फिरून विकलं जाई. ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या लांबलचक नावातून ‘विको’ हे सुटसुटीत नाव निघालं. पुढे फार्मसी शिकलेले चिरंजीव गजानन पेंढरकर धंद्यात उतरले आणि १९७५ मध्ये कंपनीने हळदीचं क्रीम बाजारात आणलं. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आरशाखालच्या फळीवर ही ट्यूब वर्षानुवर्षं राहिली आहे.

या ट्यूबमध्ये दोन कुळं एकत्र आली आहेत. एक आपल्या ओसरीवरचं आणि दुसरं युरोपातल्या औषधविक्रेत्यांच्या दुकानातलं. आपल्या त्वचेला कोणतं क्रीम मानवेल, हे ओळखायला या दोन्ही कुळांची माहिती उपयोगी पडते.

पहिलं कूळ हळदीचं. लग्नात नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते. दिवाळीच्या पहाटे आधी अंगाला तेल चोळतात, मग आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा घातलेलं उटणं लावतात. चरकसंहितेने हळदीला त्वचारोगांवरच्या द्रव्यांच्या गणात बसवलं आहे. नागपूरकरांना तर चांगली हळद शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गडद रंग व कुरकुमिनचं भरपूर प्रमाण ही तिची ओळख आहे. कुरकुमिन म्हणजे हळदीचा पिवळा रंग. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात मात्र बरंच उतरतं. हळदीला तेलाची किंवा दुधावरच्या सायीची जोड देणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण तिचा हात बरोबर डब्याकडे जात होता.

हळदीवरचा हा हक्क एकदा हातचा जाण्याची वेळ आली होती. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि शोधनिबंधांचे पुरावे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

दुसरं कूळ क्रीमच्या बुडाचं, म्हणजे बेसचं. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गॅलनने मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटल्याची नोंद आहे. त्वचेवर लावलं की पाणी उडून जाई आणि गार वाटे, म्हणून त्या घराण्याला कोल्ड क्रीम म्हणू लागले. त्यात तेलाचा वाटा मोठा. चेहऱ्यावर चकाकी राहते, बोट फिरवलं तर घसरतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच्या उलट वृत्तीचं क्रीम निघालं. बरोज वेलकम या इंग्रजी कंपनीचं ‘हेझलिन स्नो’ १८९२ सालचं. याचा मुख्य घटक स्टिअरिक आम्ल, म्हणजे चरबीतून मिळणारं मेणासारखं घट्ट द्रव्य. ते वितळवून त्यात अल्कली घालतात, पण अगदी थोडी. त्यामुळे थोड्याच भागाचा साबण होतो आणि हा साबण उरलेल्या आम्लाला पाण्यात धरून ठेवतो. जोडीला ग्लिसरीन असतं. असं क्रीम तळहातावर घेऊन चोळलं की आधी पांढरा पट्टा उमटतो. दोनचार वेळा बोट फिरलं की पाणी उडतं, पट्टा दिसेनासा होतो आणि मागे एक पातळ, मऊ, जवळजवळ कोरडा थर राहतो. हेच व्हॅनिशिंग क्रीम. आपल्याकडे त्याला ‘स्नो’ म्हणण्याची पद्धत पडली आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत रुळला. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये मुंबईत ‘अफगाण स्नो’ सुरू केलं, तेव्हा हे विलायती घराणं देशी झालं.

घामट हवेच्या मुंबईला हा प्रकार मानवला, यात नवल नाही. पेंढरकरांनी हळदीचा अर्क आणि चंदनाचं तेल याच व्हॅनिशिंग घराण्याच्या बुडात घातलं. हळदीचं क्रीम म्हटल्यावर चेहरा पिवळा पडेल ही पहिली धास्ती. फिकट रंगाचं, लावल्यावर दिसेनासं होणारं क्रीम हे तिला उत्तर होतं. चित्रपटगृहं आणि नंतर दूरदर्शन, दोन्हीकडे विकोच्या जाहिराती इतक्या वेळा वाजल्या की त्यांची चाल एका पिढीला तोंडपाठ झाली. हे सौंदर्यप्रसाधन नाही, हा त्या जाहिरातीचा दावा होता. त्याच दाव्यावरून कंपनीला पुढे न्यायालयाची पायरी चढावी लागली.

सौंदर्यप्रसाधनांवरचं उत्पादन शुल्क आयुर्वेदिक औषधांवरच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त होतं. त्यामुळे ट्यूबमधला माल औषध की प्रसाधन, हा प्रश्न थेट पैशाचा झाला. १९७८ मध्ये सुरू झालेला हा वाद कायदे बदलले तरी पुन्हा पुन्हा उकरला गेला. सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याच्या नावातच नागपूर आहे: कमिशनर ऑफ सेंट्रल एक्साइज, नागपूर विरुद्ध विको लॅबोरेटरीज. २००४ च्या अखेरीस न्यायालयाने विकोच्या बाजूने निकाल दिला. हा माल आयुर्वेदिक औषध असल्याचं आधीच ठरलेलं आहे आणि ते बदलावं असं नवं काही खात्याने पुढे आणलेलं नाही, असा त्याचा आशय. नागपूरच्याच अबकारी खात्याशी झालेल्या दुसऱ्या दाव्यात बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला मात्र हा मान मिळाला नव्हता. सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो, ही कसोटी तिथे लावली गेली, आणि लोकांच्या लेखी ते दात घासण्याचं मंजनच होतं.

हा वाद वकिलांपुरता राहत नाही, त्याचा परिणाम ट्यूबच्या पाठीवर दिसतो. सौंदर्यप्रसाधनावर घटकांची यादी असते आणि जास्त प्रमाणाचे घटक आधी येतात. त्यावरून बूड कळतं. आयुर्वेदिक औषधावर हळद किती, चंदन किती हे ठळक असतं, पण बेसपुढे बहुधा ‘आवश्यक तेवढा’ इतकंच लिहितात. ग्राहक हळद आणि चंदन वाचून ट्यूब उचलतो. त्वचा ओलसर राहणार की नाही, हे मात्र मुख्यतः त्या न सांगितलेल्या बुडावर ठरतं.

नागपुरात हा फरक अंगाला जाणवतो. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता. हवा दोन्ही वेळी कोरडी. डिसेंबरात नडगीवरून नख ओढलं तर पांढरी रेघ उमटते. अशा कातडीवर व्हॅनिशिंग क्रीमचा पातळ थर अपुरा पडतो, मग त्यात हळद कितीही असो. तिला कोल्ड क्रीमच्या घराण्यातलं काहीतरी हवं. अगदीच फुटलेल्या टाचांना व्हॅसलीन लागतं. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही खनिज तेलाची जेली स्वतः ओलावा देत नाही, आतला ओलावा उडू देत नाही. कोकणात कोकमाचं तेल आणि गडचिरोलीकडे मोहाच्या बियांचं तेल याच कामाला येतं. उन्हाळ्यात तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर हेच जड प्रकार त्रास देतात. तिथे स्नोच्या जातीचं क्रीम किंवा हलकं, पाणीदार लोशन बरं.

ग्लिसरीन ओलावा ओढून घेतं, पण कोरड्या हवेत ते निव्वळ लावलं तर कातडीच्या आतलंच पाणी ओढतं. म्हणून ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून लावावं आणि वरून तेलाचा किंवा क्रीमचा हात फिरवावा. कोणतंही मॉइश्चरायझर आंघोळीनंतर अंग टिपून, ते दमट असतानाच लावलं तर जास्त उपयोग होतो. चंदनाचं तेल किंवा सुगंध एखाद्याला सोसत नाही, त्यामुळे नवी ट्यूब आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोनतीन दिवस पाहावी. खाज, लाली किंवा भेगांतून रक्त असेल तर क्रीम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

नागपुरात बर्डीवरच्या दुकानात किंवा इतवारीच्या किराणा ओळीत उभं राहून पाठीवरची यादी कळत नसेल, तर नमुन्याचा एक थेंब मनगटाच्या वर चोळून मिनिटभर थांबावं. पांढरा पट्टा येऊन विरला आणि कातडी कोरडी मऊ लागली, तर ते स्नोचं कूळ. चकाकी राहिली आणि बोट घसरलं, तर कोल्ड क्रीमचं. मे महिन्यात चेहऱ्यासाठी पहिलं घ्यावं, डिसेंबरात हातापायांसाठी दुसरं.