खांदेरीचा दीप

पुणे हे सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले शहर. मग दीपगृहाची कथा पुणेकर वाचकांनी का वाचावी, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो वावगा म्हणता येणार नाही. परंतु अलिबागजवळील थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात जे खांदेरी नावाचे चिमुकले बेट आहे, त्याचे पुण्याशी दुहेरी नाते आहे. ज्या राजाचे बालपण या शहरात गेले, त्याने तेथे दुर्ग बांधविला. आणि ज्या गव्हर्नरच्या अमदानीत गणेशखिंडीतील भव्य वास्तूचे काम सुरू झाले, त्याच्याच कारकिर्दीच्या अखेरीस, १८६७ साली, तेथे दीपगृह उभे राहिले. ही दोन बांधकामे एकत्र वाचावीत, असे आम्हांस वाटते.

मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर हे बेट आहे. ते ज्याच्या हाती, त्याची नजर बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या आश्रयाला नेई. त्याला आणि इंग्रजांना एकाच वेळी शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी हे बेट हेरले. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसांनिशी तेथे उतरला व तटाचे काम सुरू झाले. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. तथापि मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून रसद पोचवीत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने नागावकडून येऊन हल्ला चढविला. त्यात इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. कॅप्टन केग्विनने ‘रिव्हेंज’ जहाजावरून निकराने झुंज दिली, म्हणून बाकीचा काफिला वाचला. शेवटी १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. सिद्दीने मात्र शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि ही दोन भावंडे दीर्घकाळ एकमेकांवर तोफा डागीत राहिली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचे गव्हर्नर बून यांनी खांदेरीवर मोहीम काढली, तीही फसली. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले, तेव्हा कुठे या किनाऱ्यावर इंग्रजांचा अंमल पूर्णपणे बसला.

यानंतर काळ पालटला. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाल्याने दख्खनचा माल पुण्यावरून घाट उतरून थेट बंदरावर जाऊ लागला. जहाजांची ये-जा वाढली, आणि त्याबरोबर अंधारात खडकांवर आदळण्याचे भयही वाढले. ज्या बेटाने दीर्घकाळ जहाजांना अडविले, त्याच बेटावर आता जहाजांना वाट दाखविणारा दिवा हवा होता. सर बार्टल फ्रिअर यांची मुदत ज्या वर्षी संपली, त्याच १८६७ साली खांदेरीचे अष्टकोनी दगडी दीपगृह उभे राहिले. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, सुवेझचा कालवा सुरू झाला आणि या दिव्याचे महत्त्व शतपटीने वाढले. मुंबईच्या दक्षिण टोकाला, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर, प्राँग्जचे दीपगृह १८७५ साली झाले.

दीपगृहाचे मर्म त्याच्या उंचीइतकेच त्याच्या काचेत असते. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे विखरून वाया जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या सुमारास दिव्याभोवती लोलकांची कडी अशी रचून दाखविली, की वर-खाली पसरणारे किरण वळून क्षितिजाच्या रोखाने एका झोतात जातात. हे भिंग फिरते ठेवले की दूरच्या जहाजाला ठरावीक अंतराने प्रकाश चमकलेला दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असल्याने नावाडी ते क्षण मोजून आपण कोठे आहोत हे ताडतो. विजेपूर्वीच्या काळात हे भिंग घड्याळाप्रमाणे वजनाच्या साहाय्याने फिरे. ते वजन रखवालदाराने वेळोवेळी वर ओढावे लागे. तेल, वात आणि काच यांची निगा राखीत रात्र जागून काढणे, हाच त्याचा धर्म. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याशी संबंध तुटे. शिधा संपत आला तरी दिवा विझता कामा नये.

आता हा दिवा परक्या सत्तेने आपल्या व्यापारासाठी लावला, हे खरेच आहे. त्यामुळे दुर्ग तेवढा आपला आणि दीपगृह परक्यांचे, असे म्हणणारेही भेटतात. आम्हांस हा विभाग पटत नाही. प्रकाश निशाण पाहून पडत नाही. ज्या झोताने कापसाची जहाजे वाचली, त्यानेच थळचा कोळीही रात्री घरी परतला. बेटावरील वेताळाला नारळ वाहणाऱ्या कोळ्यांनी तो दिवा कधी परका मानला असेल, असे वाटत नाही. शिवाय दोन्ही बांधकामांत एक गोष्ट सारखीच आहे. मायनाकाचे नाव राहिले, फ्रिअरचे राहिले. पण तोफांच्या माऱ्यात तट रचणारे आणि भरती-ओहोटी सांभाळून दीपगृहाचे दगड उतरविणारे पाथरवट, गवंडी, हमाल व तांडेल यांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. त्यांचे हात मात्र दोन्ही ठिकाणी याच मातीचे होते.

आज हे दीपगृह कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या सागरवीराकडून इंग्रजांना हे बेट जिंकून घेता आले नाही, त्याचेच नाव इंग्रजांनी बांधलेल्या दिव्याला मिळावे, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत शिवनेरी, लोहगड, राजगडाबरोबर खांदेरीही आहे. आता जतनाची कामे होतील, पाहणारेही वाढतील. त्या वेळी तटाबरोबर दिव्याचाही सांभाळ व्हावा आणि मुलांना दोन्हींची कथा सांगितली जावी. सुटीत अलिबागला जाणाऱ्या कुटुंबांनी एखादी सायंकाळ थळच्या किनाऱ्यावर घालवावी. उंदेरी जवळ दिसेल. तिच्या पलीकडे खांदेरी.