दीर्घ उद्भासन : पाण्याचे छायाचित्रण

कॅमेऱ्याचे शटर पाव सेकंदापासून कित्येक मिनिटांपर्यंत उघडे ठेवून वाहते किंवा लाटा असलेले पाणी टिपण्याची पद्धत. छायाचित्रकारांच्या रोजच्या बोलण्यात हिला ‘लाँग एक्स्पोजर’ म्हणतात. अशा छायाचित्रात खडक, धक्का, दीपस्तंभ या स्थिर वस्तू रेखीव उमटतात आणि पाणी मात्र धुके, रेशीम किंवा काच यांपैकी कशासारखे तरी दिसते. यातले कोणते रूप मिळेल हे बहुतांशी शटर किती वेळ उघडे होते यावर ठरते.

सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू शटर उघडे असेपर्यंत आपल्या वाट्याला येणारा प्रकाश साठवत राहतो. खडकाच्या एखाद्या कोपऱ्याचा प्रकाश पूर्णवेळ त्याच बिंदूवर पडतो. पाण्याचे तसे नाही. एका बिंदूसमोरून लाटेचा माथा, तिच्यामागची गर्द खोलगट बाजू, उन्हाची तिरीप आणि फेस एकामागून एक जातात आणि शेवटी तिथे या सर्वांची सरासरी उरते. फेस पांढरा असल्याने जिथे तो वारंवार येतो ती जागा उजळ होते. खडकांच्या पायथ्याशी दिसणारे धुके म्हणजे ही फेसाची सरासरीच होय. माणसाच्या डोळ्याला असे पाणी कधीच दिसत नाही, म्हणून या चित्रांवर खोटेपणाचा आरोप होतो. पण एक हजारांश सेकंदात हवेत थिजलेला थेंब तरी डोळ्याला कुठे दिसतो?

शटर किती सेकंद उघडे ठेवायचे, याचे तक्ते पाठ करण्यापेक्षा पाण्याचा ताल मोजणे अधिक उपयोगाचे. मोकळ्या समुद्रावरून येणाऱ्या दोन लाटांमध्ये बहुधा 8 ते 12 सेकंदांचे अंतर असते. अर्धा ते दोन सेकंदांच्या उद्भासनात एकाच लाटेची धाव उमटते. वाळूवरून मागे सरणाऱ्या पाण्याच्या लांब पांढऱ्या रेघा अशाच मिळतात. 30 सेकंदांत तीन-चार लाटा येऊन जातात आणि त्यांचे आकार एकमेकांत विरघळतात. दोन-चार मिनिटांनंतर समुद्राचा पत्रा होतो. यापुढे वेळ वाढवून फारसे काही पदरात पडत नाही, कारण लाटांची संख्या चौपट केली तर उरलेला चढउतार साधारण निम्माच होतो. धबधब्याचे पाणी वेगाने पडते, त्यामुळे तिथे पाव ते एक सेकंद बहुधा पुरतो. त्याहून जास्त वेळ दिला तर धारांची वीण मोडते आणि कड्यावर नुसता पांढरा पट्टा उरतो. मिनिटामिनिटांच्या उद्भासनाचे जे वेड अलीकडे पसरले आहे, त्यात पाण्याचा हा स्वभाव हमखास हरवतो.

छायाचित्रणाच्या आरंभी गुळगुळीत पाणी ही हौस नव्हती, नाइलाज होता. लुई दागेर यांनी 1838 मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा उद्भासनाला काही मिनिटे लागत. रस्त्यावरची वर्दळ त्यातून पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा असलेला माणूस तेवढा उमटला. पाण्याचीही तीच गत होई. म्हणूनच 1856–57 मध्ये फ्रान्सच्या ग्यूस्ताव ल ग्रे यांच्या समुद्रचित्रांत लाटा आकारासह दिसल्या, तेव्हा त्यांचे मोठे कौतुक झाले. त्यांतल्या काही चित्रांसाठी त्यांनी आकाश आणि समुद्र वेगवेगळ्या निगेटिव्हांवर टिपून एकत्र छापले होते. पुढे फिल्म वेगवान झाली, लाट थिजवणे सोपे झाले आणि मग ती न थिजवणे हा कलावंताच्या निवडीचा भाग बनला. या शैलीतले आजचे सर्वपरिचित नाव म्हणजे 1953 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले मायकेल केना. जपानमधील होक्काइदो बेटावरची त्यांची कृष्णधवल चित्रे पाहून डिजिटल छायाचित्रकारांची एक अख्खी पिढी समुद्रात ट्रायपॉड रोवायला शिकली. स्वतः केना मात्र फिल्मवरच काम करत आले आहेत.

फिल्मवर हे काम अवघड होते. मंद प्रकाशात फिल्मची संवेदनक्षमता उद्भासन लांबेल तशी घटत जाते. हिशेबाने एक मिनिट निघाले तरी प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटे द्यावी लागत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे गणित मांडले होते. डिजिटल सेन्सरला हा दोष नाही. वेळ दुप्पट केली की नोंदलेला प्रकाशही दुप्पट होतो, आणि निकाल जागेवरच पाहता येतो.

दिवसा खरी अडचण असते ती जादा प्रकाशाची. आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) 100 आणि अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/16 ठेवले तरी लख्ख उन्हात शटर सुमारे 1/125 सेकंदच उघडे ठेवता येते. अ‍ॅपर्चर एफ/22 पर्यंत आवळले तर विवर्तनामुळे चित्राची धार जाते. म्हणून भिंगापुढे करडी काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; त्या हिशेबाने 3 स्टॉपची काच एक अष्टमांश प्रकाश आत सोडते, 6 स्टॉपची 1/64 आणि 10 स्टॉपची 1/1024. याच 10 स्टॉपच्या काचेने 1/125 सेकंदाचे जवळपास 8 सेकंद होतात. ढगाळ हवेत मूळ वेळ 1/30 निघाली तर 34 सेकंद मिळतात. भर दुपारी मिनिटांचे उद्भासन हवे असेल तर 10 आणि 6 स्टॉपच्या काचा एकावर एक चढवाव्या लागतात. मग 1/125 चे पावणेनऊ मिनिटे होतात. स्वस्त गडद काचा दृश्य प्रकाश अडवतात, पण अवरक्त किरण आत सोडतात आणि चित्रावर जांभळट-तपकिरी झाक येते. रॉ स्वरूपात चित्र घेतले असेल तर ती पुष्कळशी काढता येते.

दहा स्टॉपच्या काचेतून डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही. त्यामुळे चौकट आणि फोकस काच लावण्याआधी ठरवून घेतात, भिंग मॅन्युअल फोकसवर टाकतात आणि मगच काच बसवतात. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरची नेमून देता येणारी वेळ 30 सेकंदांवर थांबते. पुढे बल्ब मोड (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे) आणि केबल किंवा रिमोट वापरावा लागतो. डीएसएलआर कॅमेऱ्यात डोळा लावायच्या खिडकीतूनही प्रकाश आत शिरतो आणि चित्रावर विचित्र पट्टे उमटतात, म्हणून ती झाकतात. ट्रायपॉडवर असताना कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवण्याची रीत आहे.

लांब उद्भासनात सेन्सर तापतो आणि प्रकाश न पडताही काही बिंदू उजळतात. काळ्या खडकावर लाल-निळे ठिपके दिसतात ते हेच. कॅमेऱ्यातील नॉइज रिडक्शन सुरू असेल तर चित्रानंतर तेवढ्याच वेळाचे दुसरे उद्भासन बंद शटरने होते आणि त्यातले ठिपके मूळ चित्रातून वजा केले जातात. चार मिनिटांच्या चित्रानंतर कॅमेरा आणखी चार मिनिटे अडकून पडतो; संध्याकाळचा रंग तोवर थांबत नाही. यावर तोड म्हणजे एकाच चौकटीची 30–40 छोटी उद्भासने लागोपाठ घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढणे. पाणी तितकेच मऊ होते, ठिपके कमी येतात आणि एखाद्या चित्रात ट्रायपॉड हलला तर तेवढेच टाकून देता येते. ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांत 2019 पासून ही बेरीज कॅमेराच करतो. आयफोनच्या लाइव्ह फोटोमध्ये 2017 पासून मिळणारा लाँग एक्स्पोजरचा पर्याय याच तत्त्वावर चालतो. मात्र त्याच्याजवळ जेमतेम तीन सेकंदांचा मालमसाला असतो.

ओल्या वाळूवर ट्रायपॉड नुसता ठेवून भागत नाही. मागे फिरणारी लाट पायांभोवतीची वाळू उकरून नेते, पाय बोटभर खचतो आणि खडकाची कडा चित्रात दुहेरी उमटते. म्हणून पाय आधीच दाबून रोवतात, दोन-तीन लाटा जाऊ देतात आणि मग शटर उघडतात. खाऱ्या तुषारांचा थर फिल्टरवर साचतो, तो दर चित्राआधी पुसावा लागतो, नाहीतर उजेडाच्या बाजूला चित्र पांढुरके पडते. घरी आल्यावर ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्याने धुतले नाहीत तर ते पुढच्या खेपेला उघडत नाहीत.

चौकटीत काहीतरी ठाम, न हलणारे असावे लागते, नाहीतर मऊ पाण्याला अर्थ उरत नाही. हरिहरेश्वरचे लाटांनी कोरलेले काळे बेसाल्टचे कातळ किंवा रत्नागिरीकडचा जांभा यासाठी उत्तम. नांगरलेली होडी मात्र डुलते आणि तिचा नुसता डाग होतो. सह्याद्रीतील धबधबे ऐन आषाढात गढूळ असतात आणि लांब उद्भासनात त्यांचा तपकिरी लगदा दिसतो. भाद्रपदात पाणी निवळल्यावर जावे.

कोकणात दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते आणि अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणाच्या दिवशी पाणी भराभर चढते आणि परतीची कातळवाट पाण्याखाली जाऊ शकते. पाच-आठ मिनिटांच्या उद्भासनात छायाचित्रकाराला करण्यासारखे काहीच नसते, तेव्हा तो फोन काढतो किंवा किनाऱ्याकडे वळून बोलत बसतो. असे करू नये. भरतीची वेळ आधी पाहावी, खडकावर एकट्याने जाऊ नये आणि शटर उघडे असेतो समुद्राकडे पाठ करू नये.