शिध्याचे कुळ

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला आणि मे १९४३ पासून मुंबईत धान्याची वाटणी सरकारी पत्रिकेवर होऊ लागली; बर्लिनमध्ये १९१५ साली पावासाठी निघालेल्या पत्रिकेची ही वंशज, हे सर्वश्रुत आहे. तिला मराठीत मिळालेले ‘शिधापत्रिका’ हे नाव मात्र वेगळ्याच घराण्यातले आहे. ‘रेशन’ छावणीतून आले: लॅटिनमधील हिशेबवाचक शब्द फ्रेंचांमार्फत शिपायाच्या रोजच्या वाट्याला चिकटला. शिधा म्हणजे सरदाराच्या कोठीतून अतिथीला, यात्रेकरूला, सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मणाला मोजून मिळणारा डाळ-तांदूळ, पीठ, मीठ, तूप असा कोरडा ऐवज.

‘शिधा’ हा शब्द ‘सिद्ध’पासून आला, सिद्ध म्हणजे जमवून तयार ठेवलेले, असा एक पक्ष आहे. परंतु अन्नाविषयी बोलताना सिद्ध म्हणजे शिजलेले. आपले ‘शिजणे’ही ‘सिध्यति’पासूनच निघाले. मग तोच शब्द कच्च्या धान्याला का लागावा? माझ्या मते मूळ ‘असिद्ध’ असावे. ‘अरण्या’चे ‘रान’ आणि ‘अरघट्टा’चा ‘रहाट’ होताना जसा आद्य अकार गळाला, तसाच तो येथेही गळाला. नकारवाचक अकार गेला तर अर्थच उलटेल, हा प्रतिपक्षाचा आक्षेप वजनदार खरा; पण जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या जिनसांखेरीज कशालाच लागला नाही, त्याला न शिजलेपण सांगण्यासाठी अकाराची गरज उरत नाही.

ही व्युत्पत्ती मानली की युद्धकाळातील स्वयंपाकघराचा अर्थ उलगडतो. सरकारने धान्यधोरणासाठी नेमलेल्या ग्रेगरी समितीने १९४३ मध्ये प्रौढ माणशी रोज १ पौंड धान्याची शिफारस केली. भातखाऊ घरांच्या वाट्याला गहू-बाजरीही आली. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी करणाऱ्या कोकणी गृहिणीला बाजरीचे पीठ मळून थापावे लागे, आणि ते लवकर कडू होते म्हणून थोडथोडेच दळून आणावे लागे. किती खावे हे सरकारने ठरवले, पण काय रांधावे आणि आल्यागेल्याला त्यातून कसे वाढावे, हा अधिकार चुलीपाशीच राहिला. वाटा मोजून देऊन शिजवण्याचा मान घेणाऱ्याकडे ठेवणे, हाच शिध्याचा जुना रिवाज होता. म्हणून ‘रेशन कार्ड’ हा शिपायाचा शब्द सोडून आपण आवर्जून ‘शिधापत्रिका’च म्हणावे.